चारचौघांत स्तुती

चार वर्षं हिल्डा वापूसनं पत्रं लिहिली. नामेवच्या बँड ऑफिसात, म्हणजे गावाचा कारभार चालतो त्या कचेरीत, शिक्षण-प्रशिक्षणाचं टेबल तिचं होतं. टेबल एक, फोन एक आणि कामं छप्पन्न. गावातल्या माणसांना काही शिकवायचं म्हटलं की त्यांना विमानात घालून सातशे किलोमीटर दक्षिणेला न्यायचं, तिथं एका खोलीत दोघं-तिघं कोंडायचे, सहा आठवड्यांत निम्मे घरच्या ओढीनं परत आले की ‘उत्तरेकडच्या लोकांना शिकायचीच इच्छा नाही’ असा अहवाल लिहून मोकळं व्हायचं, ही रीत तिला पाठ झाली होती. तिचं मागणं एवढंच होतं की एकदा तरी मास्तर इकडे पाठवा. पत्रांना उत्तरं यायची. सगळ्या उत्तरांत तिचे आभार मानलेले असायचे.

या वर्षी मास्तर आला, पण तो काही तिच्या पत्रांमुळे नाही. हिवाळी रस्त्याचा नियम बदलला होता. जानेवारीत तळं गोठलं की त्याच्या पाठीवरून बेचाळीस किलोमीटरचा रस्ता बांधायचा, मार्चपर्यंत त्यावरून वर्षाचं डिझेल, पीठ, लाकूडसामान आणून घ्यायचं, असं नामेवचं वर्ष चालतं. आता त्या रस्त्यावर सर्टिफिकेटवाला बर्फ-मुकादम पाहिजे, असं वरून ठरलं. गावात तसा कोणी नसेल तर ठेकेदार आपला मुकादम आणणार, त्याची माणसं आणणार, आणि गावच्या पुरुषांनी कडेला झेंडे धरून उभं राहायचं.

हिल्डाचा नवरा जोसाया एकतीस हिवाळे त्या रस्त्याच्या पुढे चालला होता. हातात लोखंडी पहार. चार पावलं टाकायची, पहार आपटायची, आवाज ऐकायचा, पुन्हा चार पावलं. तो जिथून वळला तिथून रस्ता वळायचा. एकतीस वर्षांत एक गाडी बुडाली नव्हती. आता ती पहार त्याच्या हातात राहायची तर एक कागद पाहिजे होता, आणि तो कागद द्यायला मास्तर दहा दिवसांसाठी आला होता.

मास्तराचं नाव हॅल्व्हरसन. माणूस वाईट नव्हता. सोमवारी सकाळी उणे छत्तीस थंडीत शाळेच्या व्यायामशाळेत आठ पुरुष येऊन बसले, तेव्हा त्याची यंत्रं अजून दुसऱ्या विमानात होती. म्हणून त्यानं आधी फॉर्म वाटले. बावीस प्रश्न. प्रत्येक कामापुढे स्वतःला एक ते पाच गुण द्यायचे. फॉर्म क्री भाषेत, म्हणजे गावच्या बोलीत, केला होता हिल्डानं, दोन दिवस जेवायची सुट्टी मोडून, शब्दाला शब्द शोधून. आपण छान काम केलं असं तिला वाटत होतं.

दुपारी भिंतीवर दोन याद्या लागल्या. वरच्या वर्गात चारजण. त्यांनाच मुकादमाची परीक्षा देता येणार. नवशिक्यांच्या वर्गात चारजण. त्यांना ‘बर्फाची ओळख’ एवढा कागद मिळणार आणि पुढचं पुढच्या वर्षी. वरच्या यादीत पहिलं नाव क्लेटनचं, जोसायाच्या पुतण्याचं. वय सव्वीस, त्यातली दोन वर्षं शहरात गेलेली. नवशिक्यांच्या यादीत सगळ्यात खाली जोसाया वापूस.

हिल्डानं जोसायाचा फॉर्म मागून घेतला आणि वाचून कपाळाला हात लावला.

घरी जोसाया चुलीसाठी लाकडं फोडत होता. ती ओसरीच्या पायरीवर उभी राहिली, अंगातला कोट न काढता.

“बर्फाची जाडी ओळखता येते का, याच्यापुढे तू एक लिहिलंस?”

“हो.”

“एक म्हणजे काय ते वर लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. एक म्हणजे अजिबात येत नाही.”

जोसायानं ओंडका सरळ केला. “पुष्कळ कळत नाही अजून त्यातलं.”

“आणि पहार हाताळता येते का, तिथं दोन?”

“पहार बरी येते,” तो म्हणाला, आणि त्यानं कुऱ्हाड घातली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडायचं कुणावर? नामेवमध्ये कोणी स्वतःच्या तोंडानं ‘मला येतं’ म्हणत नाही. डोंगराएवढं मूस-हरीण मारून आणलेला माणूसही दारात येऊन ‘एक लहानसा सापडला’ असंच सांगतो. जोसायाचा बाप तर त्याच्याही पलीकडचा. ‘मला हे बर्फ माहीत आहे’ असं कोणी म्हणायला लागलं की तो म्हातारा वाक्य पुरं व्हायच्या आत उठून जायचा. तळं ऐकतं, असं त्याचं म्हणणं. हे सगळं हिल्डाला जन्मापासून ठाऊक होतं. आणि तरी तिनं दोन दिवस खपून, सुंदर अक्षरात, आपल्याच माणसांना विचारलं होतं की बाबांनो, सांगा, तुम्ही किती हुशार? आठातल्या सात जणांनी खरं म्हणजे खालचेच आकडे लिहिले होते. तिघं कसेबसे तीनापर्यंत पोचले म्हणून वर गेले. क्लेटननं मात्र बावीसच्या बावीस जागी पाच लिहिले होते.

पुढचे तीन दिवस जोसाया शाळेत गेला. व्यायामशाळा वरच्या वर्गाला दिलेली, म्हणून नवशिक्यांना पहिलीची खोली. तिथल्या खुर्च्या वीतभर उंचीच्या. एकोणसाठ वर्षांचा माणूस गुडघे हनुवटीशी घेऊन बसला आणि पडद्यावर बघत राहिला की पाणी थंड झालं की त्याचं बर्फ होतं, निळं बर्फ मजबूत असतं, पांढरं कच्चं असतं, आणि बर्फावर जाताना घरी सांगून जावं. बुधवारी त्यांना तळ्यावर नेलं. वरच्या वर्गानं गिरमिटानं भोकं पाडली, खाली किती बर्फ आहे ते दाखवणारी पेटी बर्फावरच्या स्नोमोबिल गाडीमागे ओढली. नवशिक्यांना नारिंगी जाकिटं मिळाली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक झेंडा. हिल्डानं ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. जोसाया झेंडा धरून उभा होता, अगदी सरळ, जिथं उभं केलं होतं तिथंच.

आठही जणांनी येताना मात्र एक गोष्ट केली. मास्तर सरळ रेषेत किनाऱ्याकडे निघाला. जोसाया काही न बोलता डावीकडून वळसा घालून आला, आणि बाकीचे सातही वळसा घालून आले. मास्तराला वाटलं, गप्पा मारत येताहेत.

“कसा शिकवतो?” तिनं संध्याकाळी विचारलं. ती बॅनक भाजत होती. तव्यावर रोटी जरा जोरातच आपटली गेली.

“चांगला शिकवतो. सावकाश सांगतो सगळं.”

“तुला काही विचारलं का त्यानं?”

“बूट कितव्या नंबरचे, ते विचारलं.”

हिल्डानं रोटी उलटली. बोलली असती तर सगळंच बोलली असती.

क्लेटन त्याच दिवशी येऊन बसला होता. पोरगं वाईट नाही, फक्त शहरात राहून आलेलं. “काकी, तिथं तीन लिहिलं तर दारातूनच परत पाठवतात गं,” तो म्हणाला. “मी सवयीनं पाच लिहीत गेलो. काका खालच्या वर्गात जाईल असं थोडंच वाटलं होतं? मी आज मास्तराला जाऊन सांगितलं, मला खाली घाल, मला बर्फाखालच्या पाण्याच्या ओढीचं काही कळत नाही.”

“मग?”

“त्यानं पाठ थोपटली. म्हणाला, आत्मविश्वास कमी पडू देऊ नकोस.”

गुरुवारी हिल्डा मास्तराला भेटायला गेली. तो शिक्षकांच्या घरात उतरला होता, नूडल्स खात होता, थंडीनं त्याचे ओठ फुटले होते. तिनं सांगितलं की याद्या चुकल्या आहेत. त्यानं फॉर्म काढून तिच्यासमोर ठेवला. हे त्यांच्याच हातचं ना? विमा कंपनी उद्या हा कागद बघणार. स्वतः एक लिहिणाऱ्याला मी मुकादम कसा करू? मग तो पुढे झुकला आणि मनापासून विचारलं, “तुम्ही सांगा. तुमचे पती या कामात चांगले आहेत का?”

चार वर्षांच्या पत्रांनी जे झालं नव्हतं ते इथं झालं होतं. दक्षिणेकडून आलेला माणूस तिला प्रश्न विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता. हिल्डानं तोंड उघडलं.

“लोक बोलावतात त्याला,” ती म्हणाली.

मास्तर वाट बघत राहिला.

“बरीच वर्षं करतोय.”

वर्षं आणि कौशल्य या वेगळ्या गोष्टी आहेत, असं मास्तर नरमाईनं म्हणाला. मग एक वाट त्यानंच काढली. काम माहीत असलेल्या दोघांनी वर्गासमोर, टेपवर, प्रश्नागणिक गुण सांगितले, तर फॉर्म बदलता येतो. उद्या सकाळी. दुपारी परीक्षाच आहे.

रस्त्यानं परत येताना हिल्डानं स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की डोळ्यांच्या पापण्यांवर गोठलेलं पाणी थंडीचं की रागाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. लोक बोलावतात म्हणे! नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न, गावाच्या रस्त्याचा प्रश्न, आणि बाईसाहेबांच्या तोंडून काय निघालं, तर लोक बोलावतात.

शुक्रवारी पहिला साक्षीदार म्हणून एनॉस फिडलर आला. गावच्या कौन्सिलात रस्त्यांचं काम सत्तरीच्या या माणसाकडे होतं. मास्तरानं टेप लावला आणि विचारलं, जोसायाचं बर्फावरचं काम कसं आहे? एनॉसनं टोपी काढली. टेप फिरत राहिला.

“आम्ही त्याच्या मागून चालतो,” एनॉस म्हणाला.

एवढं मोठं बोलणं त्या गावात कुणाबद्दल कुणी कधी ऐकलं नव्हतं. क्लेटननं मान खाली घातली.

“बरं. पण एक ते पाच यात किती?” मास्तरानं विचारलं.

“मागून चालतो म्हटलं ना.”

मास्तरानं कागदावर तीन लिहिलं. हिल्डानं ते तीन बघितलं आणि तिचा बांध फुटला. त्याचा स्वतःचा एक खोडायचा तर साक्षीत चारच्या खाली भागणार नव्हतं. ती उठली, नवऱ्याकडे पाठ केली आणि बोलायला लागली, आधी मास्तरासाठी इंग्रजीत आणि मग, टेपवर गोंधळ नको म्हणून, तेच पुन्हा क्रीमध्ये. पाच. बर्फाची जाडी, पाच. तो पहारीच्या आवाजावरून दोन इंचांचा फरक सांगतो. पाण्याची ओढ, पाच; तळ्याच्या चिंचोळ्या गळ्यापाशी ओढ दरवर्षी जागा बदलते, जाते तिथं बर्फ पातळ होतं, आणि ती कुठं गेली हे त्याच्याइतकं या तळ्यावर कोणालाही कळत नाही. पहार, पाच. माणसं सांभाळणं, पाच. एकतीस वर्षांत ना गाडी गेली ना माणूस. या गावात त्याच्या तोडीचा कोणी नाही, त्याचा बापही नव्हता. बावीसच्या बावीस पाच सांगून ती थांबली तेव्हा तिला धाप लागली होती.

मास्तर खूश झाला. तो लिहीत होता. बाकीचे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. जोसायाचे कान लालभडक झाले होते. त्यानं हातमोजे उचलले आणि दार हळूच लावून तो बाहेर गेला.

दुपारी तो परीक्षेला आला, कारण येतो असं सांगितलं होतं. तोंडी परीक्षा, चाळीस प्रश्न, सदतीस बरोबर. क्लेटन दोन गुणांनी नापास झाला आणि हे त्यानं सगळ्यांना हसत सांगितलं. बाकीचे तिघं त्याच्याही मागे राहिले. पुढच्या बुधवारी मास्तर विमानात बसला तेव्हा नामेवमध्ये बर्फ-मुकादमाचा कागद एकाच माणसाकडे होता. हिल्डाला वाटलं, जिंकलो.

गुरुवारी काम सुरू व्हायचं होतं. सकाळी जोसाया चहा प्याला आणि जाळं घेऊन विणायला बसला.

“माणसं किनाऱ्यावर उभी आहेत,” हिल्डा म्हणाली.

“असतील.”

“तू जाणार नाहीस?”

त्यानं एक गाठ पुरी केली. “या वर्षी दुसरं कोणी जाऊ दे.”

“दुसऱ्या कुणाकडे कागद नाही जोसाया! का म्हणून दुसरं कोणी?”

“बोलून झालंय ते,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. “ओढ कुठं गेली ते मला कळतं, असं बोलून झालंय. आता मी तिच्यावर पाय ठेवू आणि माझ्या मागे सात माणसं? नाही.”

हिल्डा त्याला खूप बोलली. तुझ्यासाठीच केलं म्हणाली. तो मास्तर दुसरं काही ऐकतच नव्हता म्हणाली. कागद काय चुलीत घालायला आणलाय का, असंही म्हणाली. जोसाया ऐकत राहिला आणि विणत राहिला. तिला त्या क्षणी सगळ्यांचा वीट आला. फॉर्म काढणाऱ्यांचा, नियम बदलणाऱ्यांचा, गप्प बसणाऱ्या गावाचा, ऐकणाऱ्या तळ्याचा. सगळ्यात जास्त स्वतःचा.

शुक्रवारीही तो गेला नाही. ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन आला: सोमवारपर्यंत मुकादम बर्फावर दिसला नाही तर आमचा माणूस निघेल. शनिवारी दुपारी एनॉस घरी आला. चहा प्याला, बॅनक खाल्ली, वारा फिरलाय म्हणाला, डिझेलची टाकी अर्ध्याच्या खाली गेलीय म्हणाला. रस्त्याबद्दल एक शब्द नाही. कोणी काय करावं हे कोणाला सांगायचं नसतं, हीसुद्धा इथली रीत. या रीतीनं हिल्डाच्या नाकी नऊ आले होते. निघताना मात्र दारात, टोपी घालता घालता, तो तिला हळूच म्हणाला, “तू चढवलंस हिल्डा. उतरवायचं पण तुलाच बघायला पाहिजे.”

तिनं घड्याळ बघितलं. मग कोट चढवून बाहेर पडली.

बँड ऑफिसाला लागून एक खोली आहे, तिथं गावचा रेडिओ चालतो. कोणाकडे मूसचं मटण आहे, कोणाचं कुत्रं हरवलंय, विमान आज येणार की नाही, आणि शनिवारी चार वाजता बिंगोचे आकडे. घराघरात तो दिवसभर चालू असतो. साडेतीनला हिल्डा तिथं गेली आणि माईक ओढून घेतला.

“मी हिल्डा वापूस,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याबद्दल मागच्या शुक्रवारी मी शाळेत काहीतरी बरळले. ते विसरा. हा माणूस कसा आहे ते मी आता सांगते.”

आणि तिनं सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी पाद्रीबाबांना मासेमारी दाखवायला नेलं आणि स्वतःच पाडलेल्या भोकात स्वतःच कमरेपर्यंत गेला, वर काढला तेव्हा पँट खालीच राहिली. तीन दिवस पहार शोधत होता, ती दारामागे होती. एकदा रस्ता आखता आखता असा वळत गेला की दुपारी चालत चालत स्वतःच्याच घरामागे निघाला आणि म्हणाला, इथं कोण राहतं? हिल्डाला आधी हे कठीण गेलं, मग सोपं जायला लागलं. चौतीस वर्षांचं साठलेलं होतं. त्यातलं बरंचसं खरं होतं आणि ते सांगताना तिचा खराच राग निघत होता.

फोन वाजायला लागला. क्लेटननं सांगितलं, काकानं मला पोहायला शिकवलं, अजून मला येत नाही. एका म्हातारीनं सांगितलं, लहानपणी हा सशाला घाबरून झाडावर चढला होता. एनॉसनं फोन केला आणि त्याच्या त्या धीम्या आवाजात म्हणाला की आम्ही त्याच्या मागून चालतो ते अशासाठी, की पुढे असला तर पडताना दिसतो. सबंध गाव हसत होतं. शेजारच्या घरातलं हसणं खिडकीच्या तिहेरी काचांतून ऐकू येत होतं. चार वाजले. बिंगो पुढे ढकलला. नामेवच्या इतिहासात बिंगो कधी पुढे ढकलला नव्हता. पाच वाजता हिल्डानं माईक सोडला तेव्हा ती हसून हसून रडत होती, आणि थोडं नुसतंच रडत होती.

घरी जोसाया रेडिओपाशी बसला होता. जाळं मांडीवर तसंच होतं.

“सशाचं खोटं आहे,” तो म्हणाला. “कोल्हा होता.”

“कोल्ह्याला तरी कोणी घाबरतं का?”

“मोठा होता.”

तिनं चहा ठेवला. त्यानं जाळं गुंडाळून ठेवलं.

सोमवारी सकाळी उणे अडतीस होतं. त्यानं दोन जोड मोजे घातले, कानटोपी बांधली, दारामागची पहार घेतली आणि गेला. किनाऱ्यावर माणसांनी त्याला बघून हसायला सुरुवात केली. कोणी ससा म्हटलं, कोणी पँट सांभाळ म्हटलं. तोही हसला. मग चार पावलं, पहार, चार पावलं, पहार. आणि त्याच्या पावलांवर पावलं टाकत ते सातजण निघाले.

दहाच्या सुमाराला ऑफिसात फोन वाजला. ठेकेदाराकडची मुलगी होती. तुमचा मुकादम बर्फावर गेला का? गेला, हिल्डा म्हणाली. मुलगी काहीतरी भरत होती, मागे टाइप केल्याचा आवाज येत होता. एक शेवटचं विचारायचं राहिलं म्हणाली. माणूस कामाचा आहे ना?

हिल्डानं खिडकीतून बघितलं. माणसांची ओळ तळ्याच्या चिंचोळ्या गळ्याच्या दिशेनं चालली होती आणि सगळ्यात पुढचा ठिपका आत्ताच थांबून उजवीकडे वळला होता. मागचे ठिपके एकामागून एक तिथंच वळत होते.

“बरा आहे,” ती म्हणाली. “जरा वेंधळा आहे.”